हिलाल नाना आणि सारखी उतरणारी चेन

हिलाल नानांकडे मशीन घेऊन गेलं की ते मशीनला हात लावायचे नाहीत. आधी माणसाला बसवायचे. "पह्यले बठ," म्हणायचे आणि पायानेच एक लाकडी खोका पुढे सरकवायचे. मशीन बाहेर पोत्यावर तसंच पडलेलं असायचं. माणूस उभ्या उभ्या सांगायला लागला, "नाना, चालूच होत नाही", "नाना, ऑइल गळतंय", तर नाना भलतीकडेच बघत राहायचे. तो बसला, घाम पुसून माठातलं पाणी प्याला, की मग त्याच्याकडे वळायचे. "हां. आते सांग. कव्हय?" काय झालं हे ते आधी कधीच विचारत नसत. केव्हा झालं, हे विचारत.

पारोळ्याला बाजारातून किल्ल्याच्या खंदकाकडे जाणाऱ्या बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे गोणपाटाची सावली. फवारणीचे पंप, गवत कापायची मशीनं आणि झाडं कापायचे चेनसॉ, एवढंच ते दुरुस्त करायचे. आमच्याकडे चेनसॉ कोणी म्हणत नाही, कटर म्हणतात. नाना तीस वर्षं एका लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर होते. वखार बंद पडल्यावर त्यांनी हे सुरू केलं. बायको आधीच गेलेली. एक मुलगी, ती रावेरला दिलेली. उंच, पण पाठीतून वाकलेले. खाली बसलेले उठायचे तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून त्या गुडघ्यांनाच म्हणायचे, "उठा रे भाऊस्होन." मग थोडं थांबायचे, जणू ते दोघं ऐकतात की नाही ते बघताहेत, आणि मग उठायचे.

मी तेव्हा एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. विजेच्या तारांना लागणाऱ्या, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या पावसाळ्याच्या आत तोडायच्या, असं काम. म्हणजे सगळं काम चैत्र-वैशाखात. राहायला धुळ्याला देवपुरात, काम पारोळ्याच्या आसपास. रोज मोटरसायकलने जायचं-यायचं. पन्नाशी उलटलेली, कंबर धरलेली. संध्याकाळी पांझरेचा पूल ओलांडताना वाटायचं, गाडी इथेच लावावी आणि कठड्याला टेकून बसून राहावं. घरी जाऊन कोणाशी चार शब्द बोलण्याचीही ताकद उरायची नाही.

त्यात कटरची चेन सारखी उतरायला लागली. जिच्याभोवती चेन फिरते ती पोलादी पट्टी फांदीत अर्धी गेलेली असायची आणि खाड्कन चेन बाहेर यायची. मग मशीन बंद करा, झाकण उघडा, चेन पट्टीच्या खाचेत पुन्हा बसवा, ताणा, नट आवळा. तोवर मजूर सावलीत बसून घेणार, आणि एकदा बसलेली माणसं त्या उन्हात लवकर उठत नाहीत. त्यांचा तरी काय दोष? धुळ्याच्या दोन मेकॅनिकांना दाखवून झालं होतं. दोघांनीही चेन घट्ट आवळून दिली होती. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कोणीतरी नानांचं नाव सांगितलं म्हणून पारोळ्यातच त्यांच्याकडे गेलो.

"घट्ट करून द्या," मी म्हणालो.

"पह्यले बठ."

बसलो.

"कव्हय उतरनी पह्यलेंदा?"

"आठवत नाही हो. पंधरा-वीस दिवस झाले असतील."

"काय कापत व्हतात?"

"झाड. दुसरं काय?"

"झाड ते बठ्ठाच कापतस. कोनतं?"

बाभूळ की निंब, ओलं की वाळलेलं, जाड खोड की बारीक फांद्या, चेन ताणली तेव्हा ती गार होती की तापलेली, धार कोणी लावली, ऑइल कुठलं घालता. उत्तरं देऊन देऊन मी दमलो. मला निम्म्या गोष्टी माहीतच नव्हत्या, आणि माहीत नाहीत हे कबूल करायचाही कंटाळा आला होता. सगळं विचारून झाल्यावर नानांनी पाना घेतला. झाकण काढलं. चेनला फिरवणारी आतली दातेरी गरारी दाखवली, तिचे दाते झिजून वाटोळे झाले होते. मग पट्टीच्या कडेची खाच दाखवली, ज्यात चेन धावते. त्या खाचेत त्यांनी नख घालून हलवलं.

"देख. चेनले उभी ऱ्हावाले जागाच नही. ती आडवी पडस. तुमीन टाइट कर, टाइट कर... टाइट करनं म्हंजे दुरुस्त करनं नही, भाऊ."

घट्ट आवळल्यामुळेच गरारी एवढ्या लवकर गेली होती, हे त्यांनी मग सांगितलं. रागावून नाही. त्यांच्या बोलण्यात राग नसायचाच. एक प्रकारचा शीण असायचा, पण तो समोरच्याचा आलेला शीण वाटायचा नाही. नवी गरारी आणि नवी पट्टी टाकून त्यांनी मशीन दिलं. निघताना म्हणाले, "उतरनी ते ये. नही उतरनी तरी येत जाय."

त्यांच्याकडे भांडायलाही लोक यायचे. एकदा मी बसलेलो असताना लिंबाची बाग असलेला एक शेतकरी आला. त्याला कटर लगेच हवा होता, माणसं बांधावर बसलीत म्हणाला. नानांनी त्याला खोका सरकवला. तो बसेना. नाना म्हणाले, "घाई तुले शे, लाकूडले नही." तो भडकला. दुकानं काय कमी आहेत का, असं बरंच बोलला आणि मशीन उचलून घेऊन गेला. आठ दिवसांनी तोच माणूस तेच मशीन घेऊन परत आला, तेव्हाही मी नेमका तिथेच होतो. मला वाटलं, आता नाना काहीतरी टोमणा मारतील. नानांनी पायाने खोका सरकवला. "पह्यले बठ." तो मुकाट्याने बसला.

आमची चेन बारा-पंधरा दिवस नीट चालली. मग पुन्हा उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी नानांना फोन केला, म्हटलं शेजारच्या दुकानदाराच्या मोबाइलवर फोटो पाठवतो. "फोटोमा काय दिसी?" ते म्हणाले. "मशीन लई ये. चेन बी, जी उतरनी तीच."

मी मशीन आणि चेन घेऊन गेलो. या खेपेला माझा आवाज चढलेला होता. नवी पट्टी, नवी गरारी, सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं, मग आता काय? नानांनी ऐकून घेतलं. चेन हातात घेऊन जपमाळ ओढावी तशी एकेक कडी बोटांतून पुढे सरकवत गेले. 

"कितला वाजता उतरनी?"

"दुपारी. जेवल्यानंतर."

"काल?"

"कालही दुपारी. तीनच्या सुमाराला."

"सकाळले कव्हय उतरस का?"

मी आठवून पाहिलं. सकाळी उतरल्याचं आठवेना. नानांनी चेनच्या कड्या माझ्यासमोर धरल्या. खाचेत बसणाऱ्या त्या टोकांवर बारीक ओरखडे होते, आणि सगळे एकाच बाजूला. "मशीनना दोष राहता ते ओरखडा दोन्ही बाजूले पडता," ते म्हणाले. "सकायले मी येसू तुमना कामवर."

मला वाटलं, बोलायला म्हणाले असतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरंच आले. धुळ्याच्या रस्त्यावर आमचं काम चालू होतं. एका रिक्षातून उतरले, पाण्याची बाटली आणि डोक्याला बांधायचा रुमाल घेऊन, आणि एका निंबाखाली बसले. दिवसभर बसून राहिले. मशीनकडे फारसं बघत नव्हते. बघत होते पंडितकडे.

पंडित म्हणजे आमचा कटर चालवणारा. पारोळ्याजवळच्याच खेड्यातला, चाळिशी ओलांडलेला, बोलायला कमी. त्याच्यासारखा हात आमच्याकडे दुसऱ्या कोणाचा नव्हता. तो सांगेल तिथेच फांदी पडायची, तारेपासून हातभर लांब. त्यामुळे चेन उतरते म्हणजे मशीनच खराब, यात मला कधी शंकाच आली नव्हती.

दुपारी जेवायला सगळे सावलीत आले. नानांनी पंडितला आपल्याजवळ बसवलं. कुठल्या गावचा, पोरं किती, असं बोलत होते. पंडितने उजव्या हाताने भाकरी मोडली, उजव्यानेच ठेचा घेतला, पाण्याचा तांब्याही भाकरी खाली ठेवून उजव्यानेच उचलला. डावा हात मांडीवर रुमालाखाली होता. नानांनी पाण्याचा ग्लास भरून त्याच्या डाव्या बाजूने पुढे केला. पंडितने डावा हात बाहेर काढून तो घेतला आणि ग्लास त्याच्या बोटांतून निसटून खाली पडला.

"घाम शे, नाना," पंडित हसून म्हणाला.

"हां, ऊन भलतं शे," नाना म्हणाले आणि दुसरा ग्लास भरून त्याच्या उजव्या हातात दिला.

संध्याकाळी काम आटोपलं, तेव्हा पाण्याच्या टँकरवर हात धुताना ते मला म्हणाले, "मशीनमा आते काही नही. त्याना डावा हात देख." सकाळी हात ताजा असतो, दुपारनंतर त्यात जोर राहत नाही. पट्टी फांदीत अडकली की सरळ वर न उचलता तो मशीन मांडीवर टेकवून उजवीकडे पिळतो. म्हणून चेन एकाच बाजूने ओरबाडली जाते आणि उतरते. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

"मला कधी बोलला नाही तो," मी म्हणालो.

"कसा बोली? बोलना ते सकायले त्यानी जागावर दुसरा येई. पोटनी गोट शे."

मग त्यांनी मशीन उलटं करून दाखवलं. चेन उतरली तर ती मागे माणसाच्या अंगावर येऊ नये म्हणून खाली एक छोटा खुंट असतो, तिला अडवणारा. आमच्या मशीनचा खुंट तुटलेला होता. चेन इतक्यांदा उतरली होती की मार खाऊन खाऊन तो गेला होता. तो भाग जळगावहून मागवावा लागणार होता. "चार दिन मशीन मना जोडे ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "आनी त्याले बी चार दिन ऱ्हाऊ दे. डॉक्टरले दाखाड. त्याले असं नको सांगू की मी सांगं."

मी मशीन त्यांच्याकडे ठेवलं. पंडितला डॉक्टरचं सांगायचं मात्र राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणतो. खरं म्हणजे कसं सांगावं, सांगितल्यावर पुढे काय करावं, कटर कोणाच्या हातात द्यावा, याचा विचार करायचाच मला कंटाळा आला. उद्या बघू, असं मनात म्हणत राहिलो.

दोन दिवसांनी वारं सुटलं. तीन ठिकाणी फांद्या तारांवर आल्या, एका गावाची वीज गेली, विहिरींवरच्या मोटारी बंद, पाणी बंद. ठेकेदाराचे फोनवर फोन. मी पारोळ्याला गेलो. जळगावहून खुंट आला नव्हता.

"नाना, मशीन द्या. दोन दिवसांचं काम आहे, मग आठवडाभर ठेवा."

 नानांनी आतून मशीन आणलं, पोत्यावर ठेवलं. मी उचलायला वाकलो तेव्हा म्हणाले, "लई जाय. पन मंग हातमा तू धर."

"मला कुठे चालवता येतं, नाना?"

"तेच सांगस."

मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. तेव्हा फक्त निघायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्यावर पडलेली निंबाची फांदी कापताना चेन उतरली आणि मागे फिरून पंडितच्या उजव्या मांडीत शिरली. मी वीस-पंचवीस पावलांवर फोनवर बोलत होतो. आवाज ऐकून वळलो तेव्हा तो खाली बसला होता, दोन्ही हात मांडीवर दाबलेले, आणि बोटांतून रक्त येत होतं. आम्ही सगळे धावलो. कोणी रुमाल बांधला, कोणी गाडी आणायला पळालं. सगळा आरडाओरडा चाललेला, आणि त्यातून पंडितच मला म्हणत होता, "साहेब, मशीन बंद करा. मशीन चालू शे." ते खरंच बाजूला मातीत पडून फटफटत होतं. आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला. पण स्नायू तुटला होता, पुन्हा पूर्वीसारखं उभं राहून काम करता येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. हातही त्यांनीच तपासला. मानेतली नस दबलेली होती, बरेच महिने झाले असावेत म्हणाले. पंडितची बायको कमल बाहेर बाकावर बसली होती. हाताचं मला आधी कळलं होतं, हे मी तिला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. न सांगता तिथे उभं राहवत नव्हतं.

"तुमले माहीत व्हतं?" तिने विचारलं.

"हो."

तिने पदर तोंडाशी घेतला आणि भिंतीकडे वळून बसली. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नाना एसटीने आले. पंडितच्या खाटेशी बसले, त्याला विचारलं, "जेवना का?" तो हो म्हणाला. मग अर्धा-पाऊण तास तिथेच बसून राहिले. बाहेर आल्यावर मी त्यांच्या बोलण्याची वाट बघत उभा होतो. त्यांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. त्यांना काय वाटेल ते बोलायचा हक्क होता.

"तू मांगं, मी दिधं," ते म्हणाले. "दोन्हीसनी चूक."

"तुमची कसली चूक, नाना?"

"मशीन मना दुकानमा व्हतं. नही देतू ते तू काय करता?" एवढं बोलून ते जिन्याच्या पायरीवर बसले. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

मी ठेकेदाराला सगळं खरं सांगितलं. त्याने पंडितच्या औषधपाण्याचं बघितलं, मला साइटवरून काढून गोदामावर बसवलं. मला ते बरंच वाटलं. पंडितला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी नाना पुन्हा आले. कमलला म्हणाले, "माय, उभं ऱ्हाईसन काम त्याले आते जमाव नही. बशीसन करानं काम मना जोडे शे. सोमवारफाईन धाडी दे."

पंडित दुकानात जायला लागला. नाना त्याला चेनला धार लावायला शिकवत. एकेका दात्याला कानशीने घासायचं, डावीकडच्या दात्याला जेवढे हात तेवढेच उजवीकडच्या. डाव्या हातात पट्टी धरवत नाही म्हणून नानांनी सागाच्या तुकड्यांचा एक चिमटा करून फळीला ठोकला. पट्टी त्यात अडकवायची, डावा हात नुसता वर ठेवायचा. पंडितला हे सगळं अपमानाचं वाटत असावं. भर वाऱ्यात तारेजवळची फांदी उतरवणारा माणूस तो, खोक्यावर बसून कानस ओढायची. सुरुवातीचे दिवस तो कोणाशी धड बोलत नसे.

मी रविवारी जात असे. अशाच एका रविवारी पंडितने धार लावलेली चेन नानांनी एका ओंडक्यावर चालवून पाहिली. काप सरळ जाईना, एका अंगाला वळत गेला. म्हणजे एका बाजूचे दाते जास्त घासले गेले होते. नानांनी मशीन बंद केलं.

"वाकडं कापस. कोनावर रागे भरना व्हता रे?"

पंडितने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.  मग नाना म्हणाले, "आते त्यानाकडे देखी लिधं ना? मंग दुसऱ्यांदा घास," आणि पंडित हसला. दवाखान्यानंतर तो हसलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्या दिवशी निघताना त्याने मला "भाऊ, चहा घेऊन जा" म्हटलं. त्याआधी तो मला साहेब म्हणत असे. त्यानंतर पुन्हा कधी म्हणाला नाही.

सहा महिन्यांत पंडितला धार चांगली जमायला लागली. वर्षभरात तो सगळं मशीन खोलून जोडू लागला. पण लोक त्याच्या हातात मशीन देत नसत. "नाना, तुमीनच देखा," म्हणत. मग नानांनी दारात खाट टाकली आणि तिथे बसायला सुरुवात केली. कोणी मशीन आणलं की म्हणायचे, "मना डोया आते काम नही करतस. पंडितले दे." मला खरंच वाईट वाटलं. धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो म्हणालो, तर तेवढ्यात गिऱ्हाईक गेलेलं पाहून त्यांनी खाटेखालून वर्तमानपत्र काढलं आणि एका कोपऱ्यातली बारीक अक्षरातली बातमी मला वाचून दाखवली.

असे ते सात-आठ महिने दारात बसले. मी दर रविवारी जात राहिलो. मला तिथे बरं वाटायचं. माझी कंबर, रक्तदाब, पुण्याला नोकरीला असलेला मुलगा फोन करत नाही ते, गोदामातला नवा मॅनेजर, सगळं मी त्यांना सांगत असे. ते "हां... सांग" म्हणत ऐकायचे. निघताना मी हलका झालेला असायचो.

गेल्या पौषात एके दिवशी सकाळी ते दुकानात आले नाहीत. पंडित घरी गेला, तर झोपेतच गेलेले. चेहऱ्यावर काही त्रास नव्हता, असं त्याने मला फोनवर सांगितलं आणि फोन तसाच धरून राहिला.  मीही.

दहाव्याला पारोळ्याला गेलो. नानांची मुलगी सुनंदा आली होती. रावेरला तिच्या नवऱ्याचं केळी भरायचं काम आहे. सगळं आटोपल्यावर ती, पंडित, कमल आणि मी ओसरीवर बसलो होतो. मी म्हणालो, नाना शेवटपर्यंत कामात होते, असं मरण कोणाला मिळतं, वगैरे. माणूस गेल्यावर बोलतात तसंच. 

"दादा," सुनंदा म्हणाली, "नाना तर त्या उन्हाळ्यातच येणार होते माझ्याकडे. कायमचे."

कुठल्या उन्हाळ्यात, ते मी विचारलं नाही. ते कळलंच.

तिने मागची खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतली होती. दुकान आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बंद करायचं ठरलं होतं. केळी पोहोचवून रिकामा परतणारा ओळखीचा ट्रक पारोळ्यावरून जाणार होता, त्यात नानांनी आपली पेटी पुढे पाठवून दिली. धोतरं, स्वेटर, गोधडी, तिच्या आईचा एक फोटो. स्वतः चार दिवसांनी एसटीने येणार होते. तेवढ्यात पंडितचा अपघात झाला.

"पेटी आली, नाना आलेच नाहीत," सुनंदा म्हणाली. "मी दर आठवड्याला फोन करायची. म्हणायचे, मी थकी गऊ माय, भलता थकी गऊ. पुढला महिनामा येस. दोन वर्षं पुढला महिनाच चालला. पेटी पाठवू का परत, म्हटलं, तर नको म्हणायचे. मी येसूच ना, म्हणायचे. दोन थंड्या त्यांनी इथे कशा काढल्या असतील स्वेटरशिवाय, कोण जाणे."

मी त्या दोन्ही थंड्यांत दर रविवारी त्यांच्यासमोर खोक्यावर बसलो होतो. अंगात काय घातलंय, हे मी पाहिलं नव्हतं. दमलात का, हे एकदाही विचारलं नव्हतं. माझं सांगून झालं की मी उठायचो. पंडितकडे बघायची मला हिंमत झाली नाही. कमल डोळे पुसत होती.

"ती पेटी मी अजून उघडलेली नाही," सुनंदा म्हणाली. "तुम्हाला हवी असेल तर पाठवते. इथे त्यांची माणसं तुम्हीच होता."

 मग पंडित खांब धरून, दुखरा पाय ओढत उठला.

"ऱ्हाऊ द्या अक्का, तठेच," तो म्हणाला. "नाना पोहची गयात असं समजा."